किडनीच्या कॅन्सरचं निदान उशिरा झालं तर नुकसानभरपाई मागता येते का?

मागता येते. तुम्ही दिलेली माहिती पाहता तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती मागावीच, असं माझं मत आहे. मी पुण्यात ग्राहक आयोगापुढे रुग्णांच्या बाजूनं वकिली करते.

तुमचं म्हणणं मला असं समजलं. वडील ६१ वर्षांचे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत लघवीतून रक्त गेलं, दुखत काहीच नव्हतं. सोनोग्राफीत उजव्या किडनीत एक बारीक खडा आणि ५.२ सेंटीमीटरची गाठ दिसली, आणि रिपोर्टच्या तळाशी ‘सीटी स्कॅन करून पाहावे’ असा शेरा होता. हॉस्पिटलनं मुतखडा म्हणून दहा महिने औषधं दिली. रक्त पुन्हा गेलं तेव्हा अँटिबायोटिक वाढवलं. डिसेंबरात दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी करायला लावला, तेव्हा गाठ ८ सेंटीमीटरची झालेली आणि किडनीच्या मुख्य शिरेत शिरलेली. किडनी काढली, आता वर्षभर इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारी, इंजेक्शनं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, “रिपोर्ट आमच्या घरातच होता, आम्हीच नीट वाचला नाही.”

आधी या शेवटच्या वाक्याबद्दल. रिपोर्ट वाचणं हे ज्यानं तो मागवला त्या डॉक्टरचं काम आहे. तुम्ही तो त्यांच्या हातात दिलात, तिथे तुमची जबाबदारी संपली. समोरचे वकील नेमकं हेच उलटं फिरवतील. ‘आम्ही तोंडी सांगितलं होतं सीटी करा, नातेवाइकांनीच केला नाही,’ हा बचाव मी इतक्या वेळा ऐकलाय की तक्रार लिहायला घेतानाच मी त्याचं उत्तर आधी शोधते. खरंच सांगितलं असेल तर त्यानंतरच्या एखाद्या तरी केसपेपरवर ‘सीटी अॅडव्हाइज्ड’, म्हणजे सीटीचा सल्ला दिला, असं लिहिलेलं हवं. पुढच्या प्रत्येक भेटीच्या कागदावर फक्त खड्याची गोळी आणि ‘भरपूर पाणी प्या’ असेल, तर तो कागदच तुमच्या बाजूनं बोलतो. म्हणून घरात याबद्दल एकमेकांना दोष देणं आधी थांबवा. वडिलांच्या कानावर तर ते पडूच देऊ नका.

आता मुद्दा. भरपाईसाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, साधारण काळजी घेणाऱ्या डॉक्टरनं जे केलं असतं ते इथे झालं नाही. दोन, त्यामुळे रुग्णाचं काहीतरी गेलं, जे वेळेवर निदान झालं असतं तर गेलं नसतं. लोकांचा सगळा जोर पहिल्या गोष्टीवर असतो. दावे पडतात ते दुसरीवर.

पहिली गोष्ट तुमच्याकडे भक्कम आहे. साठीतल्या पुरुषाच्या लघवीतून न दुखता रक्त जाणं ही स्वतःच तपासायची बाब. सोबत खडा सापडला म्हणून रक्ताचं कारण मिळालं असं एखादा डॉक्टर म्हणेल, पण खड्यामुळे गाठ होत नाही, आणि गाठ कागदावर मोजून लिहिलेली होती. किडनीच्या कॅन्सरमध्ये रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारा गोळा ही तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्यांत दिसतात. निम्म्याहून जास्त गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किंवा सीटीत सापडतात. म्हणूनच रेडिओलॉजिस्टच्या, म्हणजे सोनोग्राफी-सीटी वाचणाऱ्या डॉक्टरच्या, शेऱ्याला एवढं महत्त्व. तुमच्या सोनोग्राफीवाल्यानं आपलं काम चोख केलंय, त्याला प्रतिवादी करू नका. तो तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे.

दुसरी गोष्ट. गाठ ७ सेंटीमीटरपर्यंत आणि किडनीच्या आतच असेल तर ती पहिली स्टेज. मुख्य शिरेत शिरली की तिसरी. पहिल्या स्टेजमध्ये पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे, आणि ५ सेंटीमीटरच्या आसपासची गाठ असेल तर पुष्कळदा फक्त गाठ काढून उरलेली किडनी वाचवता येते. इम्युनोथेरपीची गरज सहसा पडत नाही. म्हणजे तुमच्या दाव्यात ‘दहा महिने गेले’ हे नुकसान नव्हे. एक किडनी गेली, वर्षभराची महागडी इंजेक्शनं मागे लागली आणि आजार उलटण्याची शक्यता वाढली, हे नुकसान. तक्रारीत ते याच शब्दांत, स्टेजसकट यायला हवं.

याला उत्तर म्हणून समोरून काय येईल तेही सांगते. किडनीच्या लहान गाठी सरासरीनं वर्षाला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतात, हे वैद्यकीय साहित्यात आहे आणि ते आयोगापुढे ठेवलं जाईल. मग म्हणतील, ‘गाठ फेब्रुवारीतही शिरेत असणारच, उशिरानं काही बदललं नाही.’ याला आपलं उत्तर असं: ती सरासरी बहुतेक ४ सेंटीमीटरच्या आतल्या, नुसत्या नजरेखाली ठेवलेल्या गाठींची आहे, आणि तुमच्या वडिलांची गाठ कशी वाढली ते त्यांचेच दोन रिपोर्ट सांगतात. पण सोनोग्राफीचं माप आणि सीटीचं माप तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे नुसत्या आकड्यांवर विसंबू नका. फेब्रुवारीच्या मूळ इमेजेस मिळवा. त्यात शीर मोकळी दिसते का, हे अनुभवी रेडिओलॉजिस्ट पुन्हा पाहून लिहून देऊ शकतो. माझ्या मते तुमच्या दाव्याचा कणा हा एक अभिप्राय आहे.

म्हणून कागद आधी, भांडण मागाहून. इनडोअर पेपर (भरती असतानाचे कागद), नर्सिंगच्या नोंदी, संमतीपत्रं, ओपीडीचे केसपेपर, सोनोग्राफीच्या इमेजेस, सीटीची सीडी, पॅथॉलॉजी रिपोर्ट, सगळं लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, आणि भरती रुग्णाचं रेकॉर्ड तीन वर्षं जपावं लागतं. रुग्णाला प्रती मिळाल्याच पाहिजेत हे मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलंय. ‘साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ असं रेकॉर्ड रूममधून ऐकू येईल, तेव्हा आवाज न चढवता अर्ज स्पीड पोस्टानं आणि ईमेलनंही पाठवा. काढलेल्या किडनीच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी जपून ठेवलेले नमुनेही, तुमच्या ताब्यात घ्या, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ते पुन्हा तपासून घेता येतात. औषधांची बिलं, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, अपॉइंटमेंटचे मेसेज, काहीही पुसू नका.

तज्ज्ञाचं मत मिळवणं हा पुण्यातला सगळ्यात अवघड भाग. सगळे एकमेकांना ओळखतात, एकाच कॉलेजातून निघालेले असतात, लिहून द्यायला कुणी धजत नाही. बाहेरगावच्या युरो-ऑन्कॉलॉजिस्टकडे (किडनी आणि मूत्रमार्गाच्या कॅन्सरच्या तज्ज्ञाकडे) जा, आणि ‘निष्काळजीपणा झाला का’ असं विचारू नका. एवढंच विचारा: ५.२ सेंटीमीटरची गाठ आणि हा शेरा समोर असताना पुढची तपासणी कोणती आणि किती दिवसांत व्हायला हवी होती? याचं उत्तर बरेच डॉक्टर सरळपणे देतात. प्रत्येक दाव्यात तज्ज्ञाचा अभिप्राय लागतोच असंही नाही. मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडचे उपचार दिले गेले त्या किशन राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हे स्पष्ट केलं. तरी कॅन्सरच्या दाव्यात स्टेजचा प्रश्न असतो, तिथे मी अभिप्रायाशिवाय जात नाही.

मुदत दोन वर्षांची, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ६९. ती कधीपासून मोजायची यावर वाद होतो. नुकसान लपलेलं असेल तर ते कळलं किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, असं सर्वोच्च न्यायालयानं श्रीखंडे प्रकरणात २०१० मध्ये म्हटलंय. पण त्याच प्रकरणात पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पोटात गॉज राहिलेल्या बाईंचा दावा टिकला नाही, कारण दुखत असूनही त्या नऊ वर्षं त्या सर्जनकडे गेल्या नव्हत्या. तुम्ही डिसेंबर धरू नका, फेब्रुवारी धरा. पुढच्या वर्षीच्या जानेवारीच्या आत तक्रार दाखल झालेली असू दे.

दाखल कुठे? जिल्हा आयोगात. हल्ली दाव्याची पायरी मागितलेल्या भरपाईवरून नाही, तर तुम्ही उपचारांसाठी दिलेल्या पैशांवरून ठरते, आणि ती रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही. तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही. प्रतिवादी म्हणून उपचार करणारे डॉक्टर आणि हॉस्पिटल दोघंही हवेत. ‘ते आमचे नोकर नाहीत, व्हिजिटिंग कन्सल्टंट आहेत’ असं म्हणून हॉस्पिटलला हात झटकता येत नाहीत, हे २००४ च्या सविता गर्ग प्रकरणापासून पक्कं आहे. हॉस्पिटल धर्मादाय असलं, तुम्हाला बिलात सवलत मिळाली असली, तरी तिथे पैसे देणारे रुग्णही येतात म्हटल्यावर ग्राहक कायदा लागू होतो. तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ चा.

पोलिसांत जावं का? मी सुचवत नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात, २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी अत्यंत ढळढळीत निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरांचा निष्पक्ष अभिप्राय घ्यावा असं सांगितलं. पुण्यात असे अभिप्राय ससूनच्या समितीकडे मागितले जातात. तो विरुद्ध आला तर समोरचे तोच कागद ग्राहक आयोगात घेऊन येतात, आणि त्या वाटेनं तुम्हाला रुपयाही मिळत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करणं वेगळं. कौन्सिल डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देऊ शकत नाही. पुन्हा कुणाच्या बाबतीत असं होऊ नये असं मनापासून वाटत असेल तर तीही जरूर करा.

रक्कम किती, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी बोलते, कारण वर्तमानपत्रातले आकडे माणसाला भुलवतात. कुणाल साहा प्रकरणात २०१३ मध्ये ५.९६ कोटी मंजूर झाले, पण ज्या पत्नीच्या उपचारांबद्दल तो दावा होता तिचा मृत्यू १९९८ चा. वेळेवर तपासणी न झाल्यानं दृष्टी गेलेल्या चेन्नईच्या मुलीला २०१५ मध्ये १.८ कोटी मिळाले, ती जन्मली १९९६ मध्ये. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाच्या दाव्यात गेलेल्या मिळकतीचा भाग छोटा असतो. झालेला आणि पुढे होणारा उपचाराचा खर्च, एका किडनीवर जगण्याची मर्यादा आणि भोगलेला त्रास यांवरच रक्कम उभी राहते. कायदा तीन-पाच महिन्यांत निकाल म्हणतो, प्रत्यक्षात वर्षं जातात. त्यात वडिलांच्या उपचारांचा पैसा अडकवू नका. हा दावा इंजेक्शनांचं बिल भरायला वेळेवर येणार नाही.

तक्रार वडिलांच्याच नावानं करा आणि त्यांचं प्रतिज्ञापत्र ते ठणठणीत असतानाच होऊ द्या. दावा चालू असताना काही बरंवाईट झालं तर वारसांना तो पुढे चालवता येतो, पण ‘मी रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, त्यांनी वरवर पाहून बाजूला सरकवला’ हे त्यांच्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही.

तुम्ही लिहिलंय की हे डॉक्टर तुमच्या आजोबांपासून घरोब्याचे आहेत आणि वडील म्हणतात, “जाऊ दे, त्यांनी आपल्यासाठी पुष्कळ केलंय.” पेठांमधल्या घरांतून हे मला नेहमी दिसतं. मला वडिलांचा आदर वाटतो, आणि त्यांना तक्रार करायची नसेल तर तुम्ही त्यांच्यावर लादू नका. फक्त निर्णय घेण्याआधी त्यांना दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून शांतपणे दाखवा. बहुतेक डॉक्टरांचा व्यवसायाचा विमा असतो, पैसे त्यांच्या घरातून जातातच असं नाही, हेही सांगा. काही वडील यानंतर तयार होतात, काही होत नाहीत.

सध्याच्या डॉक्टरांना सांगावं का? दावा करणार आहात हे सांगायची गरज नाही. पण पुढच्या डिस्चार्ज कार्डवर किंवा समरीत पूर्वेतिहासाच्या रकान्यात ‘फेब्रुवारीत सोनोग्राफी, उजव्या किडनीत ५.२ सेंमी गाठ, सीटीचा सल्ला’ आणि डिसेंबरच्या सीटीतला आकार, तारखांसकट लिहून द्यायला सांगा. त्यांना कुणाविरुद्ध मत द्यायचं नाही, फक्त घडलेलं नोंदवायचंय. त्यासाठी जुना रिपोर्ट पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला सोबत न्या.