खाट राखून ठेव

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाच दिवस झाले, तुमच्या बेघर निवाऱ्यातला तो माणूस परतलेला नाही. जाताना प्यायलेला होता. रविवारच्या बैठकीत बाकीचे म्हणतात, नाव कमी करा. आणि सानपाड्याच्या पुलाखाली दोघं जागेची वाट बघताहेत. काय करू, असं विचारतोस.

खाट राखून ठेव.

फुटपाथवर माणूस चपला उशाला घेऊन झोपतो, नाहीतर सकाळी त्या जागेवर नसतात. निवाऱ्यात आल्यावरही कित्येक रात्री त्या उशाखालीच असतात. मग एक दिवस खाटेखाली जातात. तू लिहिलंयस की त्याच्या चपला तिसऱ्या आठवड्यात खाली गेल्या होत्या. हे बघणारा तू, आणि आता रजिस्टर उघडून पाच दिवस मोजत बसलायस?

ठाण्याच्या कोपरीत आम्ही निवारा चालवायचो तेव्हा मीही मोजले होते. नाक्यावर बिगारी काम करणारा माणूस, स्वयंपाकाची पाळी कधी न चुकवणारा. एका सकाळी गेला तो आलाच नाही. नवव्या दिवशी मी खाट दुसऱ्याला दिली. पावसाळा होता, दुसरा भिजत होता. मी चूक केली असं तेव्हा कोणीच म्हणालं नाही. तेविसाव्या दिवशी तो आला. देवळाबाहेर बसला होता म्हणून १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलून नेलं होतं. भीक त्याने जन्मात मागितली नव्हती. खाटेवर दुसऱ्याचं गाठोडं बघितलं, "बरं आहे ताई" म्हणाला आणि जिना उतरला. मी हाक मारेपर्यंत गर्दीत मिसळला. स्टेशनवर, तलावपाळीला, कळव्याला किती फिरले. नाही सापडला.

त्यानंतर मी खाट राखायला लागले. एकदा एकोणीस रात्री राखली. कमिटीतल्या लोकांनी हट्टी म्हटलं, एकाने तर लोकांच्या देणगीची नासाडी म्हटलं. म्हणू देत. तो विसाव्या दिवशी आला. आला नसता तरी मी हेच केलं असतं.

आणि बाहेरच्या दोघांचा हिशेब मला सांगू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं, लाख लोकवस्तीमागे एक निवारा, चोवीस तास, बारा महिने. २०११च्या जनगणनेत नवी मुंबई अकरा लाखांवर होती, ठाणं अठरा लाखांवर. म्हणजे किती निवारे हवेत ते तूच मोज आणि पालिकेत जाऊन माग. मी येते तुझ्याबरोबर. पण निवारे कमी आहेत म्हणून त्याची भरपाई गैरहजर माणसाच्या खाटेतून करायची नाही.

त्याच्याकडे खाटेशिवाय दुसरा पत्ता नाही. बेघराचं नाव मतदार यादीत घालायचं तर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा निवडणूक कर्मचारी, रात्री येऊन बघतो, माणूस खरंच तिथे झोपतो का. पत्त्याचा कागद मागत नाही. सरकारसुद्धा झोपायच्या जागेला पत्ता मानतं, आणि आपण पाच दिवसांत तो पुसायचा?

बैठकीतल्यांवर चिडू नकोस. निवारा त्यांचा आहे, नियमही त्यांनीच ठरवायचे. त्यांना एवढंच विचार, उद्या तुम्हाला कोणी उचलून नेलं, किंवा ताप भरून कुठे पडलात, तर किती रात्री खाट राहावी? जो आकडा येईल तो फळ्यावर लिही आणि सगळ्यांना लाव, पिणाऱ्यालाही. पिऊन आत यायचं नाही हा नियम वेगळा, तो पाळच. पण पिण्यापायी खाट जात नाही.

माझा आकडा तीस होता. तुमचा कमी आला तर मी भांडेन, सांगून ठेवते.

तोवर त्या दोघांना आजच आत घे आणि जेवायच्या खोलीत सतरंज्या टाकून दे. दाटी होईल, होऊ दे. सरकारी दवाखान्यांत आणि पोलीस चौक्यांत तू स्वतः जाऊन विचार, फोनवर कोणी धड सांगत नाही. त्याची चादर धुऊन घाल. खाटेखालची पिशवी कोणी हलवू नये. रविवारी मी येतेच आहे.

— ताई