दुपारच्या बांगड्यांनी सकाळचे खाल्ले

प्रश्न : सर, मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय, म्हापशाच्या बाजारात आमचा मासळीचा धंदा आहे तर म्हटलं त्याचाच हिशेब डिक्शनरीत (नावापुढे आकडा ठेवायची पायथनची वही) ठेवूया. विक्री = {} करून सकाळी विक्री["बांगडा"] = 12 टाकलं, दुपारी आणखी 8 किलो गेले म्हणून विक्री["बांगडा"] = 8 टाकलं, आता प्रिंट केलं तर नुसते 8. एरर पण नाही! अपडेट वापरून बघितलं, तेच. सकाळचे 12 गेले कुठे?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : गेले ते गेलेच. डिक्शनरीत एक की (key, म्हणजे ज्या नावाखाली आकडा ठेवतो ते, इथे "बांगडा") एकदाच राहते. चौकोनी कंसात की देऊन पुढे बरोबरचं चिन्ह टाकलं की पायथन विचारत बसत नाही की नवीन भरायचंय का जुनं बदलायचंय, ती की नसली तर तयार करतो, असली तर जुनी व्हॅल्यू काढून नवी ठेवतो, आणि त्याच्या लेखी यात चूक काहीच नाही, मग एरर कशाला देईल. अपडेट तरी दुसरं काय करतं, हेच, फक्त एका दमात बऱ्याच की-वर.

तुम्हाला हवीय बेरीज. विक्री["बांगडा"] += 8 चालेल, पण दिवसाची पहिलीच एंट्री असली तर कीएरर, कारण ती की अजून आहेच कुठे. म्हणून मी सरळ असं लिहितो :

विक्री["बांगडा"] = विक्री.गेट("बांगडा", 0) + 8

की सापडली तर जुना आकडा, नाहीतर 0. (विक्री हे नाव देवनागरीत पायथन 3 ला चालतं, गेट मात्र त्याचा स्वतःचा शब्द, तो इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.)

सकाळ-दुपार वेगळं बघायचं असेल तर की म्हणून ("बांगडा", "सकाळ") असा टपल (साध्या कंसातली, नंतर न बदलणारी जोडी) द्या, मस्त चालतो. तिथे चौकोनी कंसातली लिस्ट दिलीत तर टाइपएरर येणार, लिस्ट नंतर बदलू शकते म्हणून ती की होत नाही.

आणि एक, मोबाइलवर टाइप करताना शब्दामागे स्पेस राहते ना, ती राहिली की "बांगडा " ही वेगळीच की झाली, घरातल्या कुणी बांगडो लिहिलं तर अजून एक! स्पेस स्ट्रिपने (strip, शब्दाच्या कडेच्या स्पेस काढतं) जाते, बांगडोचं तुम्हीच घरात काय ते ठरवा.