‘अशी ही बनवाबनवी’ आज पुन्हा पाहिला तर तेवढीच मजा येते का?

हो, येते. मी गेल्या महिन्यात आईसोबत पुन्हा पाहिला. पुढचं वाक्य दोघींना पाठ होतं, तरी हसू आवरलं नाही.

सचिन पिळगांवकरांचा हा चित्रपट 1988चा. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, पण वसंत सबनिसांच्या संवादांनी तो अस्सल मराठी झाला. पुण्यात भाड्याची खोली मिळेना, घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चौघा तरुणांपैकी दोघे बायका होतात. त्या सोंगामागची गरज खरी आहे, त्यामुळे आपण लगेच त्यांच्या बाजूचे होतो. घर शोधत वणवण केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि अशोक सराफ! ‘हा माझा बायको पार्वती’ म्हणतानाची त्यांची ती घाई बघा. शेजारी लक्ष्मीकांत बेर्डे साडीत. सुधीर जोशींनी रंगवलेले आधीचे घरमालक सरपोतदार तर मला दर वेळी अधिकच आवडतात. ‘सत्तर रुपये वारले’ हा संवाद आमच्या घरात अजून रोजच्या बोलण्यात आहे.

बायकांबद्दलचे एक-दोन विनोद आता खटकतात, हे खरं. तरीही घरातल्या लहानांना घेऊन नक्की बघा.