सगळी युद्धं नाही, हेच युद्ध नको

मागच्या अंकात बॉक्सर मोहम्मद अलीनं 1967 मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, अमेरिकन सैन्यात भरती व्हायला नकार दिला त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. लांबलचक मेसेज कापलेत. शिव्या घातलेले पण वाचले, छापत नाही.

प्रश्न: ताई, ज्याला कुठलंच युद्ध मान्य नाही त्याला बऱ्याच देशांत कायद्यानं सूट मिळते, बंदुकीऐवजी दुसरं काम देतात. पण एखादा म्हणाला की देशावर कोणी चालून आलं तर मी पहिला जाईन पण हे जे युद्ध चाललंय ते चुकीचं आहे आणि यात मी नाही, तर त्याला जेल. हे काय लॉजिक आहे? उलट हा दुसरा माणूस जास्त विचार करून बोलतोय ना?

उत्तर: मलाही तसंच वाटतं. पण कोर्टांची बाजू आधी ऐकू, कारण ती वाटते तितकी फालतू नाही.

1971 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे गिलेट नावाच्या तरुणाची केस आली. त्याचं म्हणणं अगदी तुमच्यासारखं, की देशाच्या रक्षणासाठी लढेन, युनोच्या शांतिसेनेसाठी लढेन, व्हिएतनाममध्ये नाही. कोर्टानं 8 विरुद्ध 1 असा निकाल त्याच्याविरुद्ध दिला. गंमत म्हणजे तो खोटं बोलतोय असं कोर्ट म्हणालंच नाही. मुद्दा होता तो तपासायचं कसं हा. एका विशिष्ट युद्धाला विरोध करायची शंभर कारणं असतात, त्यातलं राजकारण कुठलं आणि मनाची टोचणी कुठली हे भरती बोर्डावरच्या लोकांनी कसं ठरवायचं, आणि मग ज्याला चांगलं बोलता येतं, जो शिकलेला आहे, ज्याला वकील परवडतो तोच सुटणार आणि तीच तक्रार असलेला दुसरा अडकणार. हा शेवटचा पॉइंट मला खरंच लागतो, त्यावर खाली परत येईन.

इस्रायलमध्ये 2002 साली काही राखीव सैनिकांनी ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागात ड्युटी करायला नकार दिला, बाकी कुठेही पाठवा म्हणाले. तिथल्या सुप्रीम कोर्टानं पण नाहीच म्हटलं. कारण असं की आज हे नको म्हणतील, उद्या दुसऱ्या विचाराचे लोक त्या भागातल्या ज्यू वस्त्या हटवायला नको म्हणतील, मग जनतेचं सैन्य राहणार नाही, गटागटांचं होईल. आणि 2005 मध्ये गाझातल्या वस्त्या हटवायची वेळ आली तेव्हा उजव्या विचारांच्या काही सैनिकांनी खरोखरच नकार दिला! म्हणजे जो हक्क तुम्ही तुमच्या आवडत्या माणसासाठी मागताय तो तुम्हाला अजिबात न आवडणाऱ्या माणसाला पण द्यावा लागेल. तयारी असेल तरच मागा. माझी आहे.

आणि हे अशक्य वगैरे काही नाही. ऑस्ट्रेलियानं 1992 मध्ये कायदाच केला की सक्तीची भरती कधी आलीच तर एका ठराविक युद्धाला मनापासून विरोध असणाऱ्यालाही सूट मागता येईल. तिथे अजून त्याची परीक्षा झालेली नाही ही गोष्ट वेगळी, कारण सक्तीची भरतीच नाहीये. पण लिहून ठेवलंय.

अलीचं विचाराल तर तो सुटला तो गिलेटच्या निकालाच्याच वर्षी, 1971 मध्ये, पण तांत्रिक कारणावर. सरकारचं म्हणणं होतं की तो सगळ्या युद्धांच्या विरोधात नाहीये, धर्मयुद्ध असेल तर लढेल म्हणतो. कोर्टानं त्या मूळ वादात न शिरता एवढंच पकडलं की भरतीच्या अपील बोर्डानं त्याला नेमक्या कुठल्या कारणानं नाकारलं हे सांगितलंच नव्हतं.

प्रश्न: सरळ सांगा ना की फाटते म्हणून जात नाहीत. तत्त्वबित्त्व सगळं नंतर सुचतं.

उत्तर: काहींचं तसं असेल, नाही कुठे म्हणते. पण फ्रान्झ येगरश्टेटर नावाच्या ऑस्ट्रियन शेतकऱ्याचं काय करायचं? सैनिकी प्रशिक्षण घेऊन आलेला माणूस, घरी बायको आणि तीन लहान मुली, 1943 मध्ये परत बोलावणं आलं तेव्हा म्हणाला हिटलरच्या या युद्धात मी लढणार नाही, जखमींची सेवा करायला लावा तर करतो. त्याच्या बिशपनंही समजावलं की बाबा घरच्यांचा विचार कर. ऐकलं नाही. 9 ऑगस्ट 1943 ला त्याचं डोकं उडवलं. सही करून वर्दी घातली असती तर जगायची शक्यता जास्त होती. आणि उलटं पण बघा, अनेक जण युद्धावर जातात ते न जाण्याची भीती वाटते म्हणून, लोक काय म्हणतील, बाप काय म्हणेल. भीती दोन्हीकडे आहे, तिच्यावरून बरोबर कोण ते ठरत नाही.

प्रश्न: सक्तीची भरती असेल तर ठीक. पण स्वतःहून सैन्यात गेलेला माणूस, इतकी वर्षं पगार घेतला आणि वेळ आली की म्हणतो हे युद्ध पटत नाही? खाल्ल्या मिठाला जागायला नको का? मी स्वतः सैनिकाच्या घरातला आहे म्हणून राग येतो.

उत्तर: राग समजतो आणि तुमचा मुद्दा वजनदार आहे. शब्द दिलाय, सोबतचे लोक त्याच्या भरवशावर आहेत. पण शब्द कशाचा दिलाय ते बघायला हवं. राज्यघटनेची शपथ घेणारा असं म्हणत नसतो की उद्या कोणी कुठल्याही कारणानं कुठल्याही देशावर हल्ला करायला सांगितला तर मी करेन.

अमेरिकन सैन्यातला लेफ्टनंट एहरन वाटाडा, 2006. इराकला जायला नकार दिला पण अफगाणिस्तानला पाठवा, जातो म्हणाला. मिठाला न जागणारा माणूस दुसरी रणभूमी मागत नाही. सैन्यानं ते मान्य केलं नाही, कोर्ट मार्शल झालं, 2007 मध्ये खटला अर्ध्यात मोडला आणि शेवटी 2009 मध्ये त्याला सोडून दिलं. ब्रिटिश हवाई दलातल्या माल्कम केंडल-स्मिथ या डॉक्टरनं इराकला नकार दिला तर आठ महिन्यांची शिक्षा. आणि जर्मनीत फ्लोरियान फाफ नावाच्या मेजरनं ज्या सॉफ्टवेअरचा उपयोग इराक युद्धाला होईल असं त्याला वाटत होतं त्यावर काम करायला नाही म्हटलं, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टानं 2005 मध्ये निकाल त्याच्या बाजूनं दिला. तेच युद्ध, आणि देशागणिक निकाल वेगळा.

कायदा इथे जरा विचित्र जागी उभा आहे. बेकायदा *हुकूम* सैनिकानं मानू नये हे सगळे मान्य करतात. 23 एप्रिल 1930 ला पेशावरमध्ये ब्रिटिशांच्या सैन्यातल्या चंद्रसिंह गढवालींच्या तुकडीनं हुकूम असूनही निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या नाहीत, आज त्यांना कोणी नमकहराम म्हणत नाही, तेव्हा मात्र जेल झाली. पण बेकायदा *युद्ध* असेल तर? दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला जर्मन सेनापतींवर जो नंतरचा खटला चालला त्यात 1948 मध्ये आक्रमक युद्धाच्या आरोपातून सगळे सुटले, कारण युद्ध करायचं की नाही हे ठरवणाऱ्या पातळीवर ते नव्हते. (युद्धगुन्ह्यांसाठी त्यातल्या बहुतेकांना शिक्षा झाली, ते वेगळं.) जनरलला दोष नाही तर साध्या शिपायाला कुठून असणार. थोडक्यात कायदा त्याला म्हणतो की युद्धाची जबाबदारी तुझी नाही, म्हणून नकाराचा हक्क पण तुझा नाही. पहिल्या वाक्याबद्दल मी कायद्याची आभारी आहे, कारण हरलेल्या बाजूच्या प्रत्येक पोराला फासावर चढवायचं नसतं. दुसरं वाक्य मात्र पहिल्यातून निघत नाही. शिक्षा न होणं वेगळं आणि आपण काय करतोय याचा विचार करायची मुभाच नसणं वेगळं.

प्रश्न: अर्जुनानं पण नाहीच म्हटलं होतं, शेवटी लढला की. विषय संपला.

उत्तर: बलराम नाही लढला. भीम आणि दुर्योधन दोघंही त्याचे गदेचे शिष्य, तो उठून तीर्थयात्रेला गेला. युयुत्सू धृतराष्ट्राचा मुलगा असून युद्ध सुरू व्हायच्या आधी पांडवांकडे आला. आणि मिठाला जागणारे भीष्म स्वतः युधिष्ठिराला सांगतात की माणूस अर्थाचा दास असतो, कौरवांनी मला बांधून ठेवलंय. एकाच रणांगणावर इतके प्रकार आहेत, तुम्ही अर्जुनापाशीच थांबलात.

प्रश्न: सरकारकडे गुप्त माहिती असते, आपल्याकडे नसते. मग सामान्य सैनिकानं कशाच्या जोरावर ठरवायचं?

उत्तर: हा जुना प्रश्न आहे. 16 व्या शतकात स्पेनमधला फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचा धर्मपंडित म्हणून गेलाय की शंका असेल तर प्रजेनं राजाचं ऐकावं, पण युद्ध अन्यायाचं आहे याची खात्री असेल तर राजानं हुकूम दिला तरी लढू नये. शंका आणि खात्री यातला फरक मला पटतो. 'मला नीट माहीत नाही पण काहीतरी गडबड वाटते' एवढ्यावर सोबत्यांना सोडून जाऊ नये. पण गुप्त माहितीचा रेकॉर्ड पण बघा ना. ऑगस्ट 1964 मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दुसरा हल्ला झाला म्हणून अमेरिकेच्या संसदेनं अध्यक्षांना युद्धाची मोकळीक दिली, तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. 2003 मध्ये इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत म्हणाले, सापडली नाहीत. दोन्ही वेळा आतली माहिती असलेले चुकले किंवा खोटं बोलले, आणि बाहेरून शंका घेणारे बरोबर ठरले. म्हणून सरकारला जास्त माहीत असतं हे ऐकून गप्प बसणं मला तरी जमत नाही.

प्रश्न: ताई, मी नाही गेलो तर माझ्या जागी दुसरा कोणीतरी जाणार. माझं मन साफ राहिलं आणि तो मेला. हे कसं नैतिक?

उत्तर: सगळ्या मेसेजमध्ये हा सगळ्यात अवघड आहे. अमेरिकन यादवी युद्धात 1863 च्या कायद्यानं 300 डॉलर भरले की सूट मिळायची, नाहीतर आपल्याऐवजी दुसरा माणूस पैसे देऊन पाठवायचा. त्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये दंगली पेटल्या, आणि संताप निघाला तो कृष्णवर्णीयांवर, ज्यांचा त्या कायद्याशी काही संबंध नव्हता. व्हिएतनामच्या वेळी उघड पैसे नव्हते पण कॉलेजात असलेल्यांना भरती पुढे ढकलून मिळायची. आणि त्याच काळात, 1966 पासून, भरतीच्या परीक्षेचे निकष खाली आणून पूर्वी नापास ठरले असते असे तीन लाखांहून जास्त तरुण सैन्यात घेतले. आकडा भरायचा होताच, तो कोणातरी घरातून भरला.

मला वाटतं इथे दोन प्रकारचे नकार वेगळे करायला हवेत. एक म्हणजे गुपचूप सुटणं, डॉक्टरचं सर्टिफिकेट, ओळखीचा माणूस, परदेशातली ॲडमिशन. त्यानं फक्त रांगेतला नंबर पुढे सरकतो, तुमचं म्हणणं अगदी बरोबर, तिथे दुसऱ्याच्या जिवावर मन साफ राहतं. दुसरा म्हणजे उघड नाही म्हणणं, नाव लावून, शिक्षा घेऊन, आणि 'मी नको' न म्हणता 'कोणीच नको' म्हणणं. विनोबा 17 ऑक्टोबर 1940 ला पवनारला उभे राहिले ते या दुसऱ्या प्रकारात, ब्रिटिशांच्या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे हे जाहीर भाषणात सांगितलं आणि काही दिवसांत अटक झाली. अशा नकारानंही जागा भरलीच जाते, ते नाकारत नाही. पण ज्याला तुमच्या जागी पाठवलंय त्याला पण एक वाक्य ऐकू जातं जे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, की नाही म्हणता येतं.

आणि गेलेल्या माणसाकडे खालच्या नजरेनं बघायचा हक्क नकार देणाऱ्याला मिळत नाही. मला या चळवळींमधली ही गोष्ट कधीच आवडली नाही. त्याला कदाचित वकील मिळाला नाही, कदाचित शब्द सापडले नाहीत, गिलेटच्या केसमध्ये कोर्टाला जी भीती होती तीच. युद्ध संपल्यावर पण हेच झालं. जानेवारी 1977 मध्ये अध्यक्ष कार्टरनी माफी दिली ती भरती टाळणाऱ्यांना, ज्यात कॅनडाला निघून गेलेली बरीच शिकलेली मुलं होती. भरती होऊन, वर्दी घालून, मग हे युद्ध नको म्हणून सैन्य सोडून गेलेले, ज्यांच्यात गरीब घरचे जास्त, ते त्या माफीत नव्हते.