तडे गेलेलं स्टीअरिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरचा ट्रक आजोबांनी घेतलेला आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं करून झालं. स्टीअरिंगचं चाक मात्र मूळचंच आहे. काळं, कडक, आणि आठ ठिकाणी तडे. दोन तड्यांतून आतला लोखंडी गज दिसतो. घरात सगळ्यांना हेच चाक हवं आहे. दुरुस्त होईल का? झालं तर टिकेल का?

उत्तर : होईल, आणि नीट केलं तर बरीच वर्षं टिकेल. फक्त आधी गज तपासा, तड्यांचं नंतर बघू. चाकाचा सगळा भार आतल्या लोखंडी कड्यावर आणि आऱ्यांवर असतो, वरचं काळं आवरण नुसतं हाताला पकड देतं. आवरण भरून काढता येतं, लोखंडाला लबाडी चालत नाही.

चाक काढून मांडीवर आडवं घ्या. समोरासमोरच्या दोन कडा धरून हलकेच पिळून पाहा, मग चाक थोडं फिरवून पुन्हा. सगळीकडे सारखा ताठरपणा लागला तर ठीक. एखाद्याच जागी चाक वाकतंय, करकरतंय किंवा तडा उघडमीट करतोय, तर तिथलं आवरण खरवडून गज उघडा करा. आरा जिथे हबला (चाकाच्या मधल्या भागाला) किंवा कड्याला मिळतो तिथे केसाएवढी जरी चीर लोखंडात दिसली, किंवा गंजाने गज खाऊन बारीक झाला असेल, तर ते चाक भिंतीवर लावा आणि गाडीला दुसरं बसवा. अशा जागी वेल्डिंग करून चाक पुन्हा रस्त्यावर आणू नका. बाहेरून टाका कितीही चांगला दिसला तरी आत तो कितपत धरलाय हे हाताने कळत नाही. वरवरचा तांबडा गंज असेल तर मात्र काळजीचं कारण नाही.

तडे का जातात हे कळलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची तेही कळतं. उन्हाने लोखंड जेवढं वाढतं त्याच्या सुमारे सहापट हे कडक रबर वाढतं, आणि थंडीत तेवढंच आकसतं. ४३० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर १३५० मिलिमीटर भरतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर लोखंडी कडं जेमतेम पाऊण मिलिमीटर हलतं आणि आवरणाला मात्र चारेक मिलिमीटर हलायचं असतं. गज त्याला हलू देत नाही. त्यात ऊन खाऊन रबर ठिसूळ झालेलं असतं, मग ते सुटायची वाट शोधतं. म्हणूनच आऱ्यांच्या सांध्यापाशी, जिथे आवरण सगळ्यात घट्ट जखडलेलं असतं, तिथे तडे बहुधा आधी दिसतात.

आवरण कशाचं आहे ते ओळखा. मागच्या बाजूला अंगठा जोरात घासून वास घ्या. गंधकाचा वास आला तर ते कडक रबर, म्हणजे एबोनाइट. उन्हाने त्याचा काळा रंग हिरवट-तपकिरी पडतो, ही दुसरी खूण. व्हिनेगरसारखा किंवा खवट लोण्यासारखा वास आला तर ते सेल्युलोजचं प्लास्टिक, आणि त्यावर ॲसिटोन किंवा थिनर पडला की ते विरघळून चिकट होतं. म्हणून पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तेही आधी मागच्या बाजूला कापसाच्या बोळ्याने लावून पाहा. एबोनाइट गरम पाण्यात भिजवू नका, काळा रंग आणखी विटतो.

आता भराई. तडा आहे तसा भरला तर लगदा वरच्या वर राहतो आणि पहिल्या उन्हाळ्यात उचकटतो. हॅक्सॉ ब्लेडने किंवा बारीक कानशीने तडा सगळ्या बाजूंनी, थेट गजापर्यंत उघडा, वर ३ ते ४ मिलिमीटर रुंद. कडेचं जे टवके होऊन सुटतंय ते काढून टाका, ब्लेड घट्ट मालाला लागेपर्यंत. दोन्ही भिंतींत २ मिलिमीटरच्या ड्रिलने ३ मिलिमीटर खोल अशी दोन-तीन भोकं तिरकी पाडा. लगदा त्यांत शिरतो आणि खिळ्यासारखा अडकून बसतो. गज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या काचकागदाने चकचकीत करा, अल्कोहोलने पुसा आणि त्याच दिवशी भरा. एक रात्र गेली तर दमट हवेत पुन्हा तांबूस झाक येते आणि पकड तिथेच सुटते. एबोनाइटची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क हवाच.

भरायला लोण्यासारखी घट्ट, दोन डब्यांची इपॉक्सी पेस्ट घ्या, जी २४ तासांत वाळते ती. पाच मिनिटांत वाळणारी नको, ती गजावर नीट दाबून बसवायच्या आतच आवळते. चाकाची जाडी २५ आणि गज १० मिलिमीटर धरला तर ४ मिलिमीटरच्या एका तड्याला दीड ते दोन घन सेंटीमीटर माल लागतो. म्हणजे आठ तड्यांना, वाया जाणारा धरूनही, ५० ग्रॅम पुष्कळ झाला. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात गोटीएवढाच गोळा मिसळा, दोन रंगांच्या रेषा पूर्ण नाहीशा होईपर्यंत. मोठा गोळा आपल्याच उष्णतेने तापून लवकर घट्ट होतो.

हातमोजा घालून आधी पातळसा थर गजावर आणि भिंतींवर जोर लावून चोळा. चिकटपणा सगळा या थरावर अवलंबून असतो. मग उरलेली खाच दाबून भरा आणि दीड-दोन मिलिमीटर वर फुगीर ठेवा. एका दिवशी चाकाची एकच बाजू करा, नाहीतर टेबलाला टेकलेली बाजू सपाट होते. काम २५ अंशांच्या आसपासच्या हवेत करा. चाक गरम हवेने तापवून तडे मिटवायचा मोह होतो, पण तो टाळा. तापलेलं आवरण गार होताना आकसतं आणि नव्या भरावाच्या शेजारीच तडकतं.

वाळल्यावर भरावावर कधीकधी तेलकट साय येते. ती साध्या पाण्याने धुऊन पुसा, मगच घासा, नाहीतर कागद भरून जातो. काचकागद ८०, १५०, २४०, ३२० या क्रमाने घ्या. भराव जुन्या रबरापेक्षा कठीण असतो, त्यामुळे नुसत्या बोटाने कागद दाबला तर शेजारचं रबर खोल जातं आणि भराव उंचवटा बनून राहतो. बोटभर रुंदीची पट्टी कापून, दोन्ही टोकं धरून, जोडे पुसतात तशी ओढा. मागच्या बाजूच्या बोटांच्या खाचांना कागद पेन्सिलीवर गुंडाळून घ्या. मधूनमधून डोळे मिटून बोट फिरवत राहा. नजरेला न दिसणारी पायरी बोटाला लगेच लागते.

मग इपॉक्सी प्रायमरचा एक हात, त्यावर जाड प्रायमरचे दोन-तीन, ओल्या ४०० आणि ६०० कागदाची घासाई, आणि शेवटी हार्डनर मिसळायच्या पॉलियुरेथेन रंगाचे दोन-तीन हात. साधा डब्यातला फवारा हाताच्या घामाने आणि तेलाने काही महिन्यांत मऊ पडून उतरतो. हार्डनरवाल्या रंगात आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना फार घातक आहे. साधा मास्क त्याला पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि फवारणीची खोली असलेल्या पेंटरकडूनच हे शेवटचं काम करून घ्या. रंगवलेलं चाक आठवडाभर टांगून ठेवा, मगच हातात घ्या.

प्रश्न : चाक काढायचं कसं? मधला नट निघाला, पण चाक जागचं हलत नाही. हातोडीने ठोकू का?

उत्तर : ठोकू नका. शाफ्टच्या टोकावर बसलेला घाव थेट खाली बेअरिंगवर आणि स्टीअरिंग बॉक्सवर जातो, आणि आटे चेपले की नट परत बसत नाही. खालून दोन्ही हातांनी हिसके दिलेत तर आवरणाला नवे तडे जातील.

बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडा. पुढची चाकं सरळ ठेवा आणि शाफ्ट व हब यांवर एका रेषेत पंचाने बारीक खूण करा. ही खूण करायची राहून गेली की परत बसवताना स्टीअरिंग तिरकं लागतं. नट पूर्ण काढला असेल तर दोन-तीन आटे परत चढवा, म्हणजे चाक एकदम सुटलं तरी तोंडावर येणार नाही. शाफ्टच्या दात्यांवर गंजतेल सोडून रात्रभर राहू द्या. हबवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट बसणारा पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) लावा. बोल्ट आट्यांत निदान १० मिलिमीटर शिरले पाहिजेत, नाहीतर ताण आल्यावर आटे उपटून येतात. मधला स्क्रू घट्ट करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा पाव फेरा. मग एकदम खट्ट आवाज होतो आणि चाक सुटतं. कड्याला पंजे अडकवणारा पुलर इथे वापरू नका.

हॉर्नच्या बटणाखालची स्प्रिंग, वाटी आणि इन्सुलेटर कोणत्या क्रमाने निघतात त्याचा फोटो काढून ठेवा. एक इन्सुलेटर बसवायचा राहिला तरी बॅटरी जोडताच हॉर्न सतत वाजत राहतो. परत बसवताना नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.

प्रश्न : मागच्या वर्षी तडे गाडीच्या बॉडीला लावतात त्या लांबीने भरून रंगवले. सहा महिन्यांत त्याच जागी रेषा उमटल्या. काय चुकलं?

उत्तर : माल चुकला. बॉडीची पॉलिस्टर लांबी पत्र्यावर पातळ थराने लावण्यासाठी आहे. जाड भरली की ठिसूळ राहते, पाणी शोषते, आणि चाकासारखं दोन्हीकडून ओढलं जाणारं काम तिला झेपत नाही. तुमचा तडा गजापर्यंत उघडला नसावा हेही दिसतं, कारण रेष अगदी जुन्या जागी आली आहे. सगळी लांबी उकरून काढा आणि वर दिलेल्या रीतीने इपॉक्सीने भरा. ज्या केसाएवढ्या रेषा उघडाव्याशा वाटत नाहीत त्यांत पातळ सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) एकेक थेंब सोडला तर तो आपोआप आत ओढला जातो. गजापर्यंत गेलेल्या तड्याला मात्र हा उपाय नाही.

प्रश्न : तडे नाहीत, पण चाक हाताला चिकट लागतं आणि हात काळे होतात.

उत्तर : आधी सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात फडका पिळून तीन-चार वेळा पुसा. बऱ्याचदा तो वर्षानुवर्षांचा घाम आणि तेलाचा थर असतो, फडका तपकिरी होतो आणि खाली चांगला माल निघतो. पुसून, वाळवून दुसऱ्या दिवशीही चिकट असेल तर आवरणच बिघडत चाललंय. पेट्रोल किंवा थिनर लावून ते आणखी मऊ होईल. रंगही त्यावर धरणार नाही. अशा चाकाला चामडं.

प्रश्न : मग सरळ चामडंच का गुंडाळू नये? तडे झाकले जातील.

उत्तर : झाकले जातील, आणि आत वाढत राहतील. चामड्याखाली ओल धरते, गज गंजतो, आणि ते दिसत नाही. मूळ चाक जपायचं असेल तर आधी भरा, मग हवं तर गुंडाळा.

माप असं घ्या : १ ते १.२ मिलिमीटर जाडीचं मऊ चामडं. दोऱ्याने चाकाची जाडी मोजा. २५ मिलिमीटरच्या कड्याचा घेर साडेअठ्ठ्याहत्तर येतो, पट्टी ७६ रुंद कापा. उरलेली अडीच मिलिमीटरची फट टाके ओढून मिटवतात, आणि त्या ताणानेच चामडं घट्ट बसतं. फट ठेवली नाही तर ते हाताखाली फिरतं, आणि वळणावर असं होणं धोक्याचं आहे. पट्टीची लांबी चाकाच्या बाहेरच्या घेराएवढी कापा, कोरडीच गुंडाळून पाहा आणि जास्तीचं मग छाटा. भोकं दोन्ही कडांना सारखीच मोजून पाडा, ५ मिलिमीटरवर एक. मेण लावलेला पॉलिस्टर दोरा दोन सुयांत ओवा, शिवण चाकाच्या आतल्या अंगाला ठेवा आणि आऱ्याजवळून सुरुवात करा. चामडं शिवण्याआधी ओलसर करा, भिजवू नका.