प्लास्टिकच्या पाकिटांना बायोडिग्रेडेबल पर्याय शोधायचं एवढं संशोधन चालतं, मग दुकानात काहीच का दिसत नाही? या विषयात पीएचडी करावी का?

दिसत नाही कारण चिवडा सादळतो. खरं तर एवढंच उत्तर आहे, पण तुम्ही पीएचडीचंही विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2018 च्या 23 मार्चला आपल्याकडे महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि सगळ्यांची पळापळ सुरू झाली. मी तेव्हा पुण्यात एका पॉलिमर लॅबमध्ये (म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थांवर काम करणाऱ्या) जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो, होते. एक फरसाणवाले आमच्याकडे आले, बापलेक दोघंही, म्हणाले आज पिशव्या गेल्या, उद्या आमचं पाकीट जाईल, आम्हाला कुजणारं पाकीट करून द्या, पैसे आम्ही घालतो. आमचे लॅबप्रमुख सर एकदम खूश, इंडस्ट्री प्रोजेक्ट म्हणजे सीव्हीत एक ओळ वाढली ना.

आम्ही पीएलए आणि पीबीएटी ही दोन कुजणारी प्लास्टिकं आणि मक्याचा स्टार्च असं मिश्रण घेतलं. नुसता पीएलए ठिसूळ, हातात धरला की कडकड वाजतो, म्हणून पीबीएटी घालून मऊ करायचा आणि खर्च कमी व्हावा म्हणून स्टार्च. (पीबीएटी कुजतं हे खरं, पण बनतं ते बहुतेक पेट्रोलियमपासूनच, हे माहितीपत्रकात कोणी मोठ्या अक्षरात छापत नाही.) दाणे नीट वाळवले नाहीत तर ओलाव्यामुळे एक्स्ट्रुडरमध्येच (दाणे वितळवून बाहेर ढकलणारं मशीन) पीएलएच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि हवा भरून फिल्मचा जो फुगा करतात तो धरतच नाही, हे कळेपर्यंत दीड महिना गेला. शेवटी धरला. फिल्म छान आली, ताणून बघितली तर ठीक, सीलही पक्कं बसलं.

मग मी त्यांच्याच कारखान्यातला पातळ पोह्यांचा चिवडा आमच्या पाकिटात भरला, तोच चिवडा त्यांच्या नेहमीच्या पाकिटात भरला, आणि दोन्ही लॅबच्या खिडकीत ठेवली. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. पाचव्या दिवशी आमचा चिवडा एकदम मऊ आणि त्यांचा कुरकुरीत. यात नवल काही नाही. नेहमीच्या पाकिटात दोन-तीन थर असतात आणि त्यातल्या एकावर अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा असतो, तो वाफ अडवतो. पीएलए वाफ अडवण्यात साध्या पॉलिथिनच्याही मागे, आणि स्टार्च तर पाणी ओढूनच घेतो.

सरांना दाखवलं तर म्हणाले, "चिवडा म्हणजे डेटा नव्हे." पेपर गेला तो नुसत्या ताणाच्या आकड्यांवर, छापूनही आला. फरसाणवाले दिवाळीनंतर परत फिरकलेच नाहीत आणि त्याचं कारण "मार्केट तयार नाही" असं रिपोर्टात लिहिलं गेलं. मार्केट तयारच होतं हो, चिवडा घेऊन दारात उभं होतं! आज इतक्या वर्षांनीही मी म्हणते, चिवडाच डेटा.

दुसरं म्हणजे कुजणं. त्याच फिल्मच्या पट्ट्या मी आईच्या गॅलरीतल्या खताच्या बादलीत पुरल्या होत्या. सहा महिन्यांनी स्टार्च गेलेला आणि बाकी जाळीसारखं तसंच, आई ते काट्यांनी उचलून बाहेर टाकत बसली. कारण कंपोस्टेबलचं (म्हणजे खत होणाऱ्या मालाचं) जे आयएस/आयएसओ 17088 प्रमाणपत्र असतं, त्याची चाचणी साधारण 58 अंशाला होते आणि 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. आईच्या बादलीत 58 अंश कुठून येणार? म्हणजे पिशवी गोळा करून मोठ्या कंपोस्टिंग प्लांटला गेली तरच तिचं खत. कचऱ्याच्या डोंगरावर गेली तर ती बराच काळ तशीच.

पीएचडीचं म्हणाल तर करा. पण गाईड ठरवायच्या आधी त्यांना विचारा की लॅबमध्ये पाण्याची वाफ किती आत जाते हे मोजायचं मशीन आहे का आणि चालू आहे का. टेन्साइलचं, म्हणजे ताण मोजायचं, मशीन सगळ्यांकडे असतं. आणि कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा तरी लॅबमध्ये येतो का तेही बघा, नुसता एमओयूचा (सामंजस्य कराराचा) फोटो नको.

हां, एक राहिलं, नाहीतर मी सगळंच मोडीत काढतेय असं वाटेल. ओल्या कचऱ्याच्या पिशव्यांना हा माल उत्तम आहे, कारण तिथे वाफ अडवायची नसतेच आणि पिशवी कचऱ्यासकट प्लांटला जाते. शेतातल्या मल्चिंगलाही (पिकाभोवतीची माती फिल्मने झाकतात त्याला) उपयोगी पडतो, पण तिथे मातीत कुजणारा ग्रेड लागतो, नुसता पीएलए नाही चालत. आणि 2024 मध्ये जेजुरीला प्राज कंपनीचा बायोपॉलिमरचा (पीएलएसारख्या मालाचा) डेमो प्लांट सुरू झालाय, म्हणजे लॅबमधल्या अर्ध्या किलोवरून एकदम कारखान्यात उडी मारायची जी पंचाईत आमची होती ती थोडी तरी कमी होईल. माझा अनुभव जुना आहे हेही लक्षात घ्या, कोटिंगवर नंतर बरंच काम झालंय.

कुठल्या लॅबला अर्ज करताय ते इथे लिहू नका, मेसेज करा. आमचेच सर निघाले तर सांगते.