रेंज फुल दिसते, मग कॉल का लागत नाही?

प्रश्न: ताई नमस्कार. पोरगा फौजेत आहे, पोस्टिंग लडाखला. आधी पंधरा-पंधरा दिवस त्याचा आवाज कानावर पडत नव्हता, आता म्हणतो जवळच्या गावात टॉवर झालाय, मोबाईलवर रेंजच्या चारही दांड्या दिसतात, पण व्हिडिओ कॉल लावला की नुसतं गोल गोल फिरत राहतं. सरकार हजारो कोटी घालतंय म्हणतात, मग ते जातात कुठं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: काका, दांड्या फक्त मोबाईल आणि टॉवर यांच्यातलं सांगतात. टॉवरच्या मागं काय आहे ते त्यात दिसत नाही आणि खरी गोम तिथंच आहे. तिथून पुढं लेहपर्यंत फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेच्या तारेची केबल, असली तर उत्तम, ती दरड कोसळून किंवा रस्त्याच्या कामात तुटते, आणि जिथं फायबरच नाही तिथं सॅटेलाइट. ती लाइन बारीक आणि महागडी. अर्ध्या इंची पाइपवर अख्ख्या वाडीचे नळ सोडल्यासारखं होतं, संध्याकाळी सगळ्यांनी एकदम फोन काढले की कुणालाच धड मिळत नाही.

आता पैशाचं. चाळीस घरांच्या गावात टॉवर लावून कुठल्या कंपनीचा खर्च निघणार? म्हणून 2002 पासून एक फंड आहे, टेलिकॉम कंपन्यांच्या कमाईतले 5 टक्के त्यात जातात, म्हणजे तुमच्या रिचार्जमधलेसुद्धा. 2023 च्या कायद्यानं त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. जुलै 2022 मध्ये केंद्रानं देशभरातल्या 24,680 गावांना 4जी द्यायला 26,316 कोटी मंजूर केले, काम बीएसएनएलकडे. हिमाचलमधल्या स्पितीतलं ग्यू गाव, तिबेटच्या हद्दीला लागून, तिथं मोबाईल पोचायला एप्रिल 2024 उजाडलं.

हा पैसा वाया जातो असं मला अजिबात वाटत नाही, पण आपल्याकडं टॉवर किती उभे केले तेच मोजतात, त्यातले चालू किती हे कुणी विचारत नाही. मी स्पितीत ताबोला गेले होते तेव्हा टॉवर समोर दिसत होता आणि दोन दिवस फोन मेलेला, कारण टॉवरच्या जनरेटरचं डिझेल संपलं होतं आणि ट्रक खाली रस्त्यात अडकलेला. घरमालकीण रोज सकाळी मोबाईल खिडकीत ठेवायची, पोरगी चंदीगडला शिकायला, तिचा मेसेज येतो का बघायला. तिकडं थंडीत डिझेल थिजतं, बॅटरी मान टाकते, सोलरवर बर्फ साचतो, हे सगळं बघायला माणूस लागतो आणि त्याचा पगार दरवर्षी लागतो. त्या 26,316 कोटींत चालवायचा खर्च धरलाय पण 5 वर्षांचाच, पुढचं काय हे तुमच्या खासदारांना पत्र लिहून जरूर विचारा, मीही विचारणार आहे.

तोवर पोराला सांगा, परवानगी असेल तेव्हा पहाटे लाव, व्हिडिओ नको, साधा कॉल. आवाजाला लाइन फार लागत नाही. आणि लागला की फोन आधी काकूंकडं द्या.